बाभळीचं नाताळझाड

दादा, तुझ्या शोकसभेत तुझी एक चूक सांगितली गेली, आणि ती ऐकून माझं डोकं जे तापलंय ते अजून उतरलेलं नाही. तू असतास तर समोर बसून भांडले असते. ती सोय तू ठेवली नाहीस, म्हणून लिहिते आहे.

विहाराच्या समितीचे जुने अध्यक्ष बोलायला उभे राहिले. तुझ्याच वयाचे, काठी टेकत आलेले. आधी त्यांनी तुझं भरभरून कौतुक केलं. लातुरात असा पेंटर पुन्हा होणार नाही, अक्षर वळणदार, माणूस त्याहून सरळ, वगैरे. मग घसा साफ करून म्हणाले, "त्यांच्याकडून आयुष्यात एकच चूक झाली. पण मोठ्या मनानं त्यांनी ती समाजासमोर कबूल केली आणि पुन्हा कधी तसं केलं नाही." लोकांनी माना हलवल्या. कसली चूक ते त्यांनी सांगितलं नाही. जुन्यांना ते ठाऊक होतं आणि नव्यांना विचारावंसं वाटलं नाही. मला मात्र जागच्या जागी कळलं. तुझी आयुष्यातली एकुलती एक चूक म्हणजे माझ्या लेकीचं, एस्तेरचं नाताळचं झाड.

मी उठायला गेले तर तुझ्या मिलिंदनं माझा हात धरला. "आत्या, आता नको. लोक बसलेत." अरे, लोक बसलेत म्हणूनच तर उठत होते मी! पण पोराचे डोळे रडून लाल झाले होते, त्याला कुठं तोंडावर पाडू? बसले खाली. बसले, आणि उरलेली सगळी भाषणं दात आवळून ऐकली.

झाडावरून लोक तुला बोलले होते, हे मला तेव्हाही माहीत होतं. तू कबूल केलंस हे माहीत नव्हतं. तू, आणि कबूल? माझ्याशी भांडताना उभ्या जन्मात कधी एक मुद्दा सोडला होतास का?

आपलं भांडण तरी केवढं जुनं. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा तू त्यांचं बोट धरून गेला होतास आणि मी आईच्या कडेवर होते. पुढं मी उदगीरच्या मिशन बोर्डिंगात शिकले, तिथं डॅनियल भेटले, आणि मी ख्रिस्ती घरात गेले. माझ्या लग्नात तू मिशनच्या देवळात शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसलास. सगळे गुडघ्यावर गेले आणि तू एकटाच ताठ. नंतर पंगतीत मात्र दोनदा भात मागून घेतलास. "सुमे, बापानं आपल्याला उभं केलं आन तू पुन्हा गुडघ्यावर गेलीस," हे वाक्य तू किती वेळा ऐकवलंस! मी म्हणायचे, "तू पण मांडी घालून बसतोसच की." मग तू मांडी आणि गुडघा यांतला फरक समजावून सांगायला लागायचास, आणि चहा गार व्हायचा.

लातूर जिल्हा झाला तेव्हा सगळ्या गावानं पेढे खाल्ले. तुझा आनंद वेगळाच होता. जिकडं तिकडं बोर्डावर 'जि. उस्मानाबाद' लिहिलेलं, आणि आता ते सगळं पुसून 'जि. लातूर' करायचं. शाळा, सोसायटी, ग्रामपंचायत, दवाखाना, अगदी पिठाच्या गिरणीवरसुद्धा. "सरकारनं रेघ मारली एक, आन माझ्या ब्रशाला काम किती लावलं बघ," असं तू हसून म्हणालास. आणि मागोमाग पाऊस गेला. शेतं मोकळी पडली, माणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायला लागली. तुमच्या गल्लीत तेवढं तुझ्याच हाताला काम उरलं होतं. त्याची तुला लाज वाटायची. रंगाचे डबे पिशवीत घालून, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या बोळानं जायचास.

आम्ही तेव्हा देवणीला होतो. डॅनियल जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर, मलमपट्टी करणारे. त्या भागातली ती देखणी, काळी-पांढरी जनावरं पार हाडांवर आली होती. गावाबाहेर चारा छावणी पडली होती आणि डॅनियल दिवसभर तिथंच असायचे. नाताळाला सुट्टी नाही, असं साहेबांनी आधीच सांगून टाकलं. एरवी आम्ही नाताळाला उदगीरला सासूबाईंकडं जायचो. तिथं अंगणात सरूचं झाड, त्यालाच सगळी सजावट. त्या वर्षी ते राहिलं. देवणीचे बोर्ड करायला तू आमच्याकडं उतरला होतास. एस्तेर पाच वर्षांची. तू ओट्यावर रॉकेलात ब्रश धूत होतास आणि ती तुझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामा, आपल्याकडं झाड न्हाई. मग बाळ येशू कुठं येनार?"

"येनाऱ्याला झाड कामून लागतंय? दार हाय की घराला."

"झाड लागतंच."

"कोन म्हन्लं?"

"आज्जी म्हन्ली."

आज्जीपुढं तुझं काही चालेना. मग तू मोर्चा माझ्याकडं वळवलास. "सुमे, हे बर्फाच्या मुलखातलं खूळ हाय. हितं प्यायाला पानी न्हाई आन तुला झाड सजवायचंय." मी म्हटलं, मला नाही, तुझ्या भाचीला. "येकच ते," म्हणालास आणि भाषणच सुरू केलंस. लेकरांच्या डोक्यात काय भरवावं, काय भरवू नये. मी भाकरी थापत होते, भाषण संपेपर्यंत टोपलं भरलं. शेवटी तू विचारलंस, "कोयता कुठं हाय?" आणि सायकल काढून निघून गेलास.

दिवेलागणीला परत आलास ते सायकलीच्या कॅरिअरला बाभळीची फांदी बांधून. तिच्यावर पान नव्हतं. एक सुद्धा नव्हतं. नुसते काटे, पांढरे आणि बोटाएवढे लांब. मी उखडले. "हे काय सरपण आणलंस? पोरीची थट्टा करतोस?"

तू फांदी उतरवून भिंतीला टेकवलीस. "हिरवी तोडली आसती तर कुन्या शेरडाच्या तोंडचं काढलं आसतं. लोक झाडावर चढून डहाळे पाडून राहिलेत जित्राबासाठी. ही शेळ्यांनी खाऊन सोडल्याली हाय. हिच्यावर कुनाचा हक्क न्हाई. म्हनून आनली."

तुझं हे असंच. आधी राग आणायचा, मग असं काही बोलायचं की तो राग कुठं ठेवावा ते कळू नये.

रंगाच्या रिकाम्या डब्यात दगडगोटे भरून तू फांदी उभी केलीस. फाटकांना देतात तो चंदेरी रंग थोडा उरला होता, तो एस्तेरच्या हाताला धरून फांदीला दिलास. घरभर टर्पेंटाईनचा वास. डॅनियल छावणीतून आले आणि दारातच थबकले. "मेव्हणे, गेट बसवताय का घरात?" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं सजवायला बसलात. एस्तेरनं उत्साहानं हात घातला आणि पहिल्याच झटक्याला काटा टोचला. ती भोकाड पसरणार एवढ्यात तू म्हणालास, "थांब. रडू नकोस, आधी बघ. काटा कुठं हाय ते बघायचं, मग हात घालायचा. आन हे बघ, दोरा नको, सुई नको. झाडानंच आपल्याला हुक दिल्यात." मग तिला जी गंमत वाटायला लागली! तिच्या हातातली काकणं निघाली आणि एकेका काट्यावर गेली. दवाखान्यातल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या धुवून ठेवलेल्या होत्या. त्यांत तू लाल, हिरवा, निळा रंग थेंबथेंब सोडलास, बाटली फिरवलीस, आतून काच रंगली. त्या उलट्या करून काट्यांवर बसवल्या. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून चांदणी केलीस. माझ्या उशीतला कापूस काढलास तोही मला न विचारता. "बर्फ म्हनत्यात ना? घे तुझं बर्फ," म्हणून तिच्या हातात दिलास. पाच वर्षांची ती, जीभ बाहेर काढून कापसाचे पुंजके काट्यांना लावत होती आणि तू मागं बसून तिचा फ्रॉक काट्यात अडकू नये म्हणून धरून ठेवला होतास. फ्रॉक धरून बसलेला तू मला अजून दिसतोस, आणि ते दिसलं की शोकसभेतलं ते वाक्य आठवतं आणि पुन्हा संताप होतो.

मग एस्तेरला नवीन काळजी लागली. "मामा, बाळ येशूला आपलं घर कसं सापडंल? त्येला आज्जीचं घर म्हाईत हाय."

तू म्हणालास, "बोर्ड लावू की."

आणि लावलास. देव न मानणाऱ्या माणसानं, देवाला पत्ता कळावा म्हणून, पत्र्याच्या तुकड्यावर पिवळ्या रंगात आपल्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात लिहिलं: 'मु. पो. देवणी, ता. उदगीर, जि. लातूर'. एस्तेरला नीट समजावलंस सुद्धा. "जिल्हा नवा लिहिलाय. जुना लिहिला आसता तर गेला आसता उस्मानाबादला, बसला आसता हुडकत." ती हसून हसून लोळली. मी चुलीपाशी तोंड फिरवून हसले, कारण तुझ्यासमोर हसायचं म्हणजे हरल्यासारखं होतं.

नाताळाच्या आदल्या दिवशी उदगीरहून आमच्या देवळाचे पाळकसाहेब प्रार्थनेला आले. "सलाम," ते म्हणाले. "जयभीम," तू म्हणालास. इथवर ठीक. मग त्यांनी झाड पाहिलं आणि चेहराच बदलला. "बाई, हे काय? काट्यांचं? आपल्या तारणाऱ्याच्या डोक्यावर लोकांनी काटेच घातले. आणि त्याच्या जन्मदिवशी तुम्ही तेच घरात उभे करता? काढा ते." एस्तेर माझ्या पदराला येऊन बिलगली. मी बोलणार, त्याच्या आधी तूच बोललास.

"पाळकसाहेब, तुमचा देव गोठ्यात जन्मला म्हनता ना?"

"हो."

"मग त्या गोठ्याला कुंपन कशाचं व्हतं? सरूचं व्हतं का?"

मी तेवढ्यात म्हटलं, झाड राहील. त्यांनी झाडाकडं पाठ करून प्रार्थना केली, चहाही घेतला नाही, गेले. पुढं किती महिने उदगीरला देवळात गेलं की बायका मला विचारायच्या, "तुमच्याकडं काटेरी नाताळ झाला म्हणे?" तर दादा, तुझ्या माणसांना ते झाड ख्रिस्ती वाटलं आणि माझ्या माणसांना ते काटेरी वाटलं. एका पाच वर्षांच्या पोरीची हौस होती ती, एवढं कुणालाच दिसलं नाही. राग येतो तो याचा.

तुला गोत्यात आणलं ते तुझ्याच अक्षरानं. लातूरचे एक गृहस्थ छावणी पाहायला आले होते. आमच्या दारावरून जाताना त्यांना तो पिवळा बोर्ड दिसला, उघड्या दारातून आतलं झाड दिसलं, आणि तुझं अक्षर लातुरात कोण ओळखत नव्हतं? समितीत बोलावणं झालं. लोक काही बोलले, एवढंच तू मला सांगितलंस. "बोलनारच लोक, बोलू दे," म्हणालास आणि विषय बदललास.

बाकीचं वहिनीकडून कळलं, तेही शोकसभा झाल्यावर. पाहुणे गेले होते. वहिनी स्वयंपाकघरात पाटावर बसून नुसती भिंतीकडं बघत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सरळ विचारलं. दादा खरंच चूक झाली म्हणाला का?

"हाव. म्हन्ले," वहिनी म्हणाली. "लई तापले व्हते लोक. विहाराचा बोर्ड दरसाल ह्येच रंगवायचे, त्यो काढून दुसऱ्याला दिला. मिलिंद ल्हान. म्या म्हन्लं, कशाला वैर घेताव सगळ्या गल्लीशी? मग गेले, उभं राहून म्हन्ले, माझी चूक झाली, पुन्हा न्हाई करनार. घरी आले, जेवले न्हाईत."

ती पुढं बोलली. "आन पुढच्या साली डिसेंबरात बघते तर पुन्हा डबे भरून राहिले. म्या म्हन्लं कुठं? तर म्हन्ले देवनीला, बोर्ड हायेत. सुमनताई, देवनीला आसे किती बोर्ड आसनार? पहिल्या सालीच सरले व्हते ते. आन मग तुमची बदली हदगावला झाली. तरी ह्ये निघाले. बोर्ड हायेत म्हने. हदगाव तर नांदेड जिल्ह्यात. तितं कुठला जिल्हा बदलला व्हता?"

दादा, तिनं विचारलं आणि मी एकेक डिसेंबर आठवायला लागले.

हदगावला तू दर डिसेंबरात एस.टी.तून उतरायचास. खांद्याला डब्यांची पिशवी, कपड्यांवर रंगाचे डाग. बाजारातल्या दुकानांचे बोर्ड आहेत म्हणायचास. कुठून तरी बाभळीची वाळकी फांदी यायची, चंदेरी रंग निघायचा, तू आणि एस्तेर दार लावून बसायचात. लेकरांना दृष्ट लागते, दार लाव, असं तू म्हणायचास, आणि दृष्ट वगैरे न मानणाऱ्या तुझ्या तोंडी ते ऐकून मला हसू यायचं. नाताळ यायच्या आत तू परत जायचास. हदगावात तू लिहिलेला एकही बोर्ड मी कधी पाहिला नाही. पण भाऊ येतो आहे, भाची आनंदात आहे, यात शंका घ्यायचं काय होतं?

आता मला सांग, मी कुणावर रागावू?

समितीवर तर रागावलेच आहे. लेकराच्या झाडासाठी माणसाला उभं करून माफी मागायला लावता? तुमच्या आणि आमच्या बापजाद्यांनी दुसऱ्यांच्या दारात जे उभं राहून सोसलं, ते विसरलात का रे? आणि पाळकसाहेबांवरही. ते आता नाहीत, तरी त्यांच्यावर.

पण सगळ्यांत जास्त तुझ्यावर आहे. तुला काय वाटलं, हे कळल्यावर मला गहिवरून येईल? येतंच आहे, ते लपवत नाही. लातूर ते हदगाव केवढा लांबचा प्रवास, तेव्हाच्या एस.टी., तुझी ती दुखरी कंबर. तू आलास. दरवर्षी आलास, पोरगी मोठी होऊन "मामा, आता मी करते" म्हणेपर्यंत आलास. एवढं कुणी कुणासाठी करत नाही. पण चोरून का आलास? मागच्या बोळानं डबे न्यायचास तसं माझ्या घरी का आलास? मला चोरीचं झाड नको होतं, दादा. "चूक झाली, पण पुन्हा करणार," असं त्यांच्या तोंडावर म्हणाला असतास तर वहिनीला त्रास झाला असता, मिलिंदला झाला असता, मला कळतं सगळं. कळतं म्हणून राग कमी होत नाही.

एस्तेरला फोनवर सांगितलं. ती आता पुण्यात नोकरी करते, तिच्या हाताखाली माणसं आहेत, सहसा रडत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आई, मामा खोटं कुठं बोलला? तिथं की आपल्याकडं?"

म्हणजे बघ. समितीपुढं चूक म्हणालास ते खरं असेल, तर आमच्याकडं फ्रॉक धरून बसला होतास ते भाचीचं मन राखायला, मनात नसताना. यातलं खरं कुठलं, हे लेकीला माझ्या तोंडून ऐकायचं होतं आणि मला तुझ्या तोंडून. तू आहेस कुठं?

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी पुन्हा लातूरला गेले. वंदना झाली, भंतेजींनी सुत्तपठण केलं. तुझा फोटो, पांढरी फुलं, मेणबत्त्या. मी शेवटच्या रांगेत हात जोडून बसले होते. जुने अध्यक्ष पहिल्या रांगेत खुर्चीवर. मिलिंदनं विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का? मी उठले. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं पुन्हा हात धरतो की काय. नाही धरला. बाजूला झाला आणि माईक माझ्या उंचीला खाली केला.

मी म्हटलं, "मी त्यांची बहीण. ख्रिस्ती घरात दिलेली. माझ्या भावानं दुष्काळात माझ्या लेकीसाठी नाताळचं झाड उभं केलं. शेळ्यांनी खाऊन सोडलेल्या बाभळीचं. एकदा नाही केलं, ती मोठी होईपर्यंत दरवर्षी केलं. शेवटपर्यंत त्यानं देव मानला नाही. भाचीला मानलं. मागच्या सभेत त्या झाडाला चूक म्हटलं गेलं. ती चूक नव्हती. चूक झाली असं तो तुमच्यासमोर बोलला, ते खोटं बोलला."

"बाई, मयत माणसाला खोटं म्हणताव?" अध्यक्ष काठी टेकत उठून म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "माझा भाऊ आहे तो. मी म्हणणार."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. मिलिंद माईकच्या दांड्याला धरून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

तर दादा, सगळ्या लातुरासमोर मी तुला खोटं पाडलं. उभ्या जन्मात तुझी एक गोष्ट मी अशी चारचौघांत खोडून काढली नव्हती, आणि आज काढली तर तू उत्तराला नाहीस. तुला राग आला असेल. यायलाच पाहिजे. ये, आणि माझ्या तोंडावर सांग की मी चुकले.